सासऱ्यांचा नवा डोळा आणि माझी दिव्यांची पट्टी

जानेवारीत सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले, तेव्हा बायकोला रजा मिळाली नाही आणि मला मिळाली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि तिथली तिची जोडीदारीण नेमकी बाळंतपणाला गेली होती. मी चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, माझ्या बऱ्याच रजा शिल्लक होत्या. त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचं काम जावयाकडं आलं.

सांगायला सोपं आहे. पण आमच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली तरी सासऱ्यांनी मला एकदाही साधा पाण्याचा तांब्या मागितला नव्हता. त्यांच्या गावात जावयाला अजून पहिलं ताट वाढतात आणि काम कुणी सांगत नाही. मी खोलीत शिरलो की ते उठून उभे राहायचे. मी बसलो की मगच बसायचे. आमचं बोलणंही ठरलेलं. पाऊस कसा आहे, रस्ता झाला का, कंपनी काय म्हणती. तिन्ही विचारून झालं की दोघंही मोकळे.

त्यांचं घराणं मेंढपाळांचं. तरुणपणी ते वडिलांबरोबर मेंढरं घेऊन रानोरान हिंडलेले. आता कन्नड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी थोडी शेती आहे, काही शेळ्या आहेत. माणूस उंच, काटक, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात, आणि माझ्याच घरात राहायला आले तरी मीच पाव्हणा होतो.

ऑपरेशन क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या. बायको सकाळी कामावर गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

"मामा, थेंब टाकायचेत. आडवे व्हा."

"तुमी नका, पाव्हणं. पोरगी आली की टाकील."

"ती संध्याकाळी येणार. डॉक्टरांनी दर तीन तासांनी सांगितलंय."

"मंग मीच टाकतो की."

त्यांनी बाटली हातात घेतली, मान मागं टाकली. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा गालावर, तिसरा सरळ मिशीत. मी रुमाल पुढं केला. मग ते निमूट पलंगावर आडवे झाले आणि झोपल्या झोपल्या मला हात जोडले. "तुम्हाला लई तरास."

मी पापणी खाली ओढून थेंब सोडला. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात तसेच जोडून ठेवले होते, आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की दुसऱ्या बाटलीचं झाकण हातातून निसटून पलंगाखाली गेलं. ते उचलायला मी वाकलो तर तेही उठायला लागले. त्यांना वाकायची सक्त मनाई होती. "मामा, झोपा!" मी जवळजवळ ओरडलोच. ते झोपले. मला वाटतं, कुठल्याही जावयानं त्यांच्यावर ओरडायची ती पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात माझं आणखी एक काम चालू होतं. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आनंदनगरी भरते. ज्याला जमेल तो स्टॉल लावतो. दरवर्षी भेळेचे चार, पाणीपुरीचे तीन आणि एखादा रिंग टाकायचा खेळ असतो. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मी म्हणून बसलो, की या वेळी मी दिव्यांचा खेळ करतो. सेक्रेटरींनी लगेच नोंद केली. मग मागं फिरायची सोय राहिली नाही.

खेळ साधा होता. दिव्यांची एक लांब पट्टी, दोन टोकांना दोन माणसं, प्रत्येकापुढं एक मोठं गोल बटण. उजेडाचा एक ठिपका पट्टीवरून धावत येतो. तो आपल्या टोकाला पोचला की नेमक्या वेळी बटण दाबायचं, मग तो उलटा फिरून समोरच्याकडं पळतो, आणि दर खेपेला जरा जास्त वेगानं. चुकला तो हरला. पट्टी, बटणं, वायरी हे सगळं मी पैठण गेटजवळच्या दुकानातून आणलं होतं. आणि हे चालवायला एक छोटा संगणक मागवला होता. छोटा म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा. नुसतीच एक पाटी, त्यावर चिप्स आणि कडेला खाचा. ना पडदा, ना कीबोर्ड, ना डबा.

तो मी जेवणाच्या टेबलावर मांडला तेव्हा सासरे काळा चष्मा लावून समोरच्या खुर्चीत बसले होते. टीव्ही बघायचा नाही, गॅसजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. दिवसभर करणार तरी काय? खुर्ची हळूहळू टेबलाजवळ सरकली.

"हे काय हाय?"

"कॉम्प्युटर आहे, मामा."

त्यांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. जावयाची चेष्टा करायची नाही म्हणून त्यांनी ती गिळली असावी. "ह्याला तोंड कुठंय? पडदा?"

"याला पडदा लागत नाही. हा वायफायवरून या लॅपटॉपशी बोलतो. मी इथं लिहायचं, त्यानं तिथं करायचं."

"म्हंजी मुका हाय, पण ऐकतो."

"हो, ऐकलं तर."

पहिले दोन दिवस त्यानं ऐकलंच नाही. या संगणकाला आतमध्ये स्वतःचं असं काही नसतं. नखाएवढ्या मेमरी कार्डावर त्याची सगळी प्रणाली उतरवायची, घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड आधीच त्यात लिहून ठेवायचा, कार्ड खाचेत सरकवायचं आणि वीज द्यायची. मी दिली. पाटीवरचे दोन बारीक दिवे लागले. एक स्थिर राहायला हवा आणि दुसरा लुकलुकायला हवा. थोडा वेळ लुकलुकला आणि दोन्ही विझले. परत लागले, परत विझले. मी कार्ड पुन्हा लिहिलं. पासवर्ड तपासला. पुन्हा तेच.

सासरे बघत होते. "उपाशी हाय का?" त्यांनी विचारलं.

ते सहज बोलले, आणि मी हसलो. पण संध्याकाळी माझ्याही लक्षात आलं, की मी त्याला बायकोच्या जुन्या मोबाइलचा चार्जर लावलाय. त्याला जास्त करंट लागतो. दुसऱ्या दिवशी योग्य ॲडॉप्टर आणला, कार्ड सरकवलं, आणि लॅपटॉपवर मिनिटभरात त्याचं उत्तर आलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आणि तिच्यापुढं लुकलुकणारी रेघ. इतकंच. पण मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांना टाळी द्यायला हात पुढं केला. ते आधी उठून उभे राहिले, मग त्यांनी टाळी दिली.

पट्टी जोडल्यावर दुसरा घोळ सुरू झाला. दिवे लागायचे, पण पिसाळल्यासारखे. एक इथं, चार तिथं, मधेच सगळी पट्टी भडकायची. पट्टीला वेगळा वीजपुरवठा दिला होता, आणि त्याची उणे वायर संगणकाच्या उणे वायरीला जोडायची मी विसरलो होतो. जोडल्याबरोबर सगळं शांत झालं. अशा चुका आम्ही कारखान्यात दुसऱ्यांच्या काढतो, तेव्हा किती शहाणपणानं काढतो!

मग मी पहिला रंग मागितला. प्रोग्रॅममध्ये लाल पूर्ण, हिरवा शून्य, निळा शून्य असं लिहिलं, आणि पहिले दहा दिवे लावले. पट्टीचं एक टोक झगझगीत उजळलं.

"हा बघा मामा, लाल."

सासऱ्यांनी चष्मा नाकावर खाली केला. थोडा वेळ बघितलं. "हिरवा हाय ना."

"नाही, लाल आहे."

"लाल हाय?" त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा हातानं झाकला, दुसऱ्यानं बघितलं. मग तो झाकला, नव्यानं बघितलं. बराच वेळ हेच चाललं. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "पाव्हणं म्हणत्यात तर लालच असंल."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासूनच. रेल्वेच्या भरतीत मेडिकलला मला रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं होतं. सगळ्यांना त्यात आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. तेव्हा कळलं. ती नोकरी हुकली, पण पुढं माझं काही अडलं नाही. वायरींना मी चिकटपट्टी लावून नंबर देतो. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचण्याऐवजी तो मीटरनं मोजतो. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा हे बायकोला विचारतो, आणि शर्टही तीच आणते. लग्न ठरलं तेव्हा मी तिला हे सांगितलं होतं. तिच्या वडिलांना सांगायचा प्रसंग कधी आलाच नव्हता.

त्या दुपारीही मी सांगितलं नाही, कारण मला ती शंकाच आली नाही. प्रोग्रॅममध्ये लाल लिहिलं होतं, म्हणजे लाल. मला दिसत होता तो आपला एक पिवळट मळकट उजेड, जसा मला नेहमी दिसतो. आणि समोर होता चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेला माणूस. चूक कुठं असणार?

मी पांढरा रंग लावून बघितला. "हा कसा दिसतो?"

"ह्या नव्या डोळ्यानं निळा-निळा. दुधावर चांदणं पडल्यावानी. अन् जुन्यानं..." ते थांबले. "धोतरावर च्या सांडल्यावानी."

आता मात्र मला भीती वाटली. एकाच दिव्याचे दोन डोळ्यांना दोन रंग. भिंग तर चुकीचं बसलं नाही ना?

"पोरीला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "रातभर जागंल. उद्या तपासणी हायच, तवा इचारू."

मी पट्टी बंद केली. संध्याकाळी बायको आली, स्वयंपाक झाला, तिनं वडिलांना विचारलं, "दादा, कसं दिसतंय?" ते म्हणाले, "लई भारी." आणि भाकरी कुस्करत बसले. नेहमी दोन भाकरी खाणारा माणूस एकीवर उठला. जेवणानंतर ते बाल्कनीत गेले आणि एकेक डोळा झाकून विमानतळाच्या बाजूचे दिवे बघत राहिले. मी आतून बघत होतो.

सकाळी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मशिनीतून डोळा तपासला, अक्षरं वाचायला लावली. सासरे चौथीपर्यंत शिकलेले, त्यांनी शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचली.

"छानच बसलाय डोळा, बाबा. काही त्रास?"

"रंग चुकत्यात, बाई."

तिनं टेबलावरच्या पेनांतलं एक उचललं. "हे कुठलं?"

"लाल."

"हे?"

"हिरवं. हे काळं. अन् हे टोपण हरवलेलं निळं."

डॉक्टरीण हसायला लागली. "काही चुकत नाहीत. उलट आता पहिल्यांदा बरोबर दिसतायत. मोतीबिंदूचा जुना डोळा सगळं पिवळं करून दाखवतो, त्याची तुम्हाला सवय झालेली. म्हणून नव्यानं पांढरं निळसर वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. कोण म्हणालं तुम्हाला रंग चुकतायत म्हणून?"

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "कुनी नाय," ते म्हणाले. "मलाच आपलं वाटलं."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा जालना रोडला लागली. मग मी म्हणालो, "मामा, डोळा माझा खराब आहे."

"कुठला?"

"दोन्ही."

ते अख्खे वळून माझ्याकडं बघायला लागले. मी सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, रेल्वेची भरती, चिकटपट्ट्या. कालचा दिवा हिरवाच असणार, आणि तुम्ही बरोबर असून मी तुम्हाला रात्रभर घोर लावला, हेही सांगितलं. आकाशवाणी चौकात सिग्नल लागला.

"हा कुठला लागलाय आता?" त्यांनी विचारलं.

"वरचा. म्हणजे लाल."

"वरचा हाय म्हणून लाल म्हनता व्हय?"

"हो."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "चाचा, ये गाडी तो नहीं चलाते ना?"

"मोटारसायकल चालवत्यात की!" सासरे म्हणाले, आणि हसायला लागले. ते असे हसतात हे मला माहीतच नव्हतं. मिशा हलत होत्या, खांदे हलत होते, चष्म्याखालून पाणी येत होतं. मी घाबरून म्हणालो, "मामा, डोळ्याला ताण देऊ नका," तर ते आणखीच हसले. मग डोळे न पुसता, कारण पुसायचे नव्हते, त्यांनी सांगितलं, की त्यांच्या वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामात, त्यांचा एक चुलता असाच होता. मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी रंग लावलेला असायचा. हिरव्या रानात लाल खुणेचं मेंढरू त्याला कधी सापडायचं नाही. सगळे म्हणायचे, याचं ध्यान नसतं. तो बिचारा मेंढरं त्यांच्या ओरडण्यावरून ओळखायला शिकला.

"आज कळलं मला," ते म्हणाले. "त्याचं ध्यान व्हतं. रंगच नव्हता."

संध्याकाळी बायको आल्याआल्या त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. आधी ती दोघांवर चिडली, तिच्यापासून लपवलं म्हणून. मग सासऱ्यांनी मला विचारलं, "पण पाव्हणं, एक सांगा. आमची पोरगी लगनात लाल शालू नेसून हुबी व्हती. तो तुम्हाला कसा दिसला?"

मी काहीतरी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, शालू हिरवा होता!"

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते पुटपुटले, "मंग आपण सारखंच की."

पट्टीचा घोळ एका शब्दाचा निघाला. या पट्ट्यांमध्ये रंगांचा क्रम ठरलेला असतो, आणि कंपनीगणिक तो बदलतो. मी माहितीपत्रकातला क्रम लिहिला होता, पण आमच्या पट्टीत लाल आणि हिरवा यांच्या जागा उलट्या होत्या. क्रम बदलला, परत लाल लावला. सासऱ्यांनी चष्मा खाली केला.

"आता लाल. एकदम कुंकवावानी."

त्यानंतर आमची कामाची वाटणी ठरली. मी लिहायचं, त्यांनी रंग सांगायचा. थेंबांची वेळ झाली की ते स्वतःच आडवे व्हायचे आणि डोळा उघडा धरायचे. हात जोडायचं कधी बंद झालं ते लक्षातही आलं नाही. "पाव्हणं, जरा आवरा, मला पुढचा रंग बघायचाय," असंही एकदा म्हणाले.

खेळाडूंचे रंग मी लाल आणि हिरवे ठरवले होते, कारण सगळेच तसे ठरवतात. सासऱ्यांना ते पटलं नाही. "तुमचं तुम्हालाच कळंना, अन् लोकांना कशाला? तुम्हाला दिसतंय आसं घ्या." निळा आणि पिवळा मला स्वच्छ दिसतात. पिवळा लगेच जमला. निळ्यावर मात्र आमची दुपार गेली. नव्या डोळ्याला निळ्याचं वेडच लागलं होतं. मी आकडे बदलायचो, ते मान हलवायचे. "गडद झाला. आता फिका. जरा पांढरं घाला त्यात. आरं नाय, इतकं नाय." आणि मग एकदम, "हां! ऱ्हाऊ द्या. हेच."

"काय आहे हे?"

"जवसाचं फूल. सकाळचं. आमच्या रानात बापाच्या येळेला जवस असायचं. कैक वर्षं झाली, जवस कुनी करत नाय. अन् केलं असतं तरी मला दिसलं नसतं आसं." त्यांनी जुना डोळा झाकून ठेवला आणि नव्यानं बघत राहिले. मी तो आकडा पक्का केला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, आणि मी पट्टी लावलेली फळी घेऊन खाली उतरलो. टेबल मांडलं, संगणक सुरू केला, बटणं जोडली. आणि ऊन असं पडलं होतं, की पट्टीवर काही दिसेचना. दिवे लागलेत की नाही हे ओणवं होऊन बघावं लागत होतं. भेळवाल्या वहिनी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, बंद पडलं का?" आम्ही टेबल पार्किंगच्या आत ओढलं. तिथंही उजेड होताच. बायकोनं चादर आणली, ती पातळ निघाली.

सासरे वर गेले आणि आपली काळी घोंगडी घेऊन आले. थंडीसाठी गावाहून आणलेली, जाड, लोकरीची. दोन खांबांच्या मधे दोरी बांधून ती टाकली, दुसऱ्या बाजूला चादर, आणि आत एकदम कातरवेळ झाली. पट्टीवर निळा ठिपका धावायला लागला, आणि बाहेरून पोरांचा "ओऽऽ" असा आवाज आला.

पहिला डाव मी कुणाला तरी खेळायला सांगणार होतो, पण सासरे आधीच निळ्या बटणासमोर उभे होते. "या, पाव्हणं."

मी पिवळ्याला उभा राहिलो. ठिपका निघाला. मी परतवला, त्यांनी परतवला. वेग वाढत गेला. मी हा खेळ लिहिलेला, मला त्याचा वेग पाठ होता, आणि खरं सांगतो, मी हरायचं नाटक अजिबात केलं नाही. ठिपका वीज चमकावी तसा आला, मी दाबलं, तो पलीकडं गेला, त्यांनी दाबलं तेव्हा तो टोकाच्या पलीकडं गेला होता. सगळी पट्टी पिवळी झाली.

आसपासच्या एक-दोघांनी माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं. सासऱ्यांना हरवतो! पण सासरे बटणावरून हात काढायलाच तयार नव्हते. "परत," ते म्हणाले. परत हरले. तिसऱ्यांदा बायकोनं मला बाजूला केलं आणि ती पिवळ्याला उभी राहिली. तिनं बापाला एकदा हरवलं, बापानं तिला दोनदा. मग बाहेरची रांग कुरकुरायला लागली तेव्हा ते बाजूला झाले, घोंगडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला आत सोडायला लागले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "निळा का पिवळा?" आणि सांगत, "निळा जवसाचा हाय." शहरातल्या पोरांना त्यातलं काही कळत नव्हतं. ती आपली होय म्हणून आत पळत होती. संगणक दुपारपर्यंत एकदाही अडला नाही. एक बटण मात्र पोरांनी ठोकून ठोकून खिळखिळं केलं, ते मी पुढच्या रविवारी बदललं.

दोन दिवसांनी सासरे गावी निघाले. बसला वेळ होता. बसस्टँडवर रिक्षातून उतरताना ते म्हणाले, "जरा गुलमंडीवर जाऊ. तुमच्या सासूला लुगडं घ्यायचंय." त्यांनी कधी लुगडं निवडलेलं मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं गादीवर ढीग टाकला. सासरे एकेक उचलून दुकानाच्या दारात, उन्हात घेऊन जायचे, उलटसुलट करायचे, परत आणायचे. दुकानदार वैतागला असावा, पण बोलला गोडच. माझ्याकडं वळून म्हणाला, "जमाईराजा, आपही बोलो अब. कौनसा अच्छा है?"

"त्यांला नका इचारू," सासरे दारातूनच म्हणाले. "त्यांचं खातं येगळं हाय."

शेवटी त्यांनी एक निवडलं. कैरीच्या रंगाचं, काठ तांबडा, असं दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली. मग आम्ही बाजूच्या गल्लीत उभ्या उभ्या गरम इमरती खाल्ली. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली नाही, मला आधी खा म्हणून आग्रह केला नाही, आणि पाक मिशीला लागला तेव्हा माझाच रुमाल मागून घेतला.

रात्री सासूबाईंचा फोन आला. बायकोनं स्पीकरवर टाकला. लुगडं पसंत पडलं होतं, पण त्यांची तक्रार निराळीच होती. "हे काय करून पाठवलं गं यांला? आल्यापासून एक डोळा झाकून घरभर हिंडत्यात अन् म्हनत्यात, भिंतीचा रंग असा व्हता व्हय? उद्या चुना आणाया चाललेत."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "त्यात नीळ बी घालायची हाय, म्हनावं."